शेठच्या पाण्यात मीठ किती?

"हॅलो?… हॅलो… हां, मीच. दुसरं कोण असणार घरात?… नाही गं, धापा कुठे टाकतोय? पळत आलो फोनला… मी बरा आहे. तू?… आणि गुडघा?… वा! छान. छानच की."

चष्मेवाल्यांच्या उजव्या हाताची मूठ मिठाने भरलेली होती, म्हणून रिसीव्हर त्यांनी डाव्या कानाला धरला होता. त्या कानाने त्यांना मुळात कमी ऐकू येई. बायको गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीच्या गावी जाऊन दोन आठवडे होत आले होते. दुपारी खालचं दुकान बंद करून ते वर जेवायला आले की तिचा फोन येई. आधी त्यांची चौकशी, मग शेठची. शेठ म्हणजे तिचा मासा. केशरी, ढेरपोट्या, काहीतरी सांगायला यावं आणि ऐन वेळी विसरावं तसं तोंड सतत उघडमीट करणारा.

"शेठ?… शेठ मजेत… अगं मजेत म्हणजे मजेत. पोहतोय… हो, खातोय. जरा कमी… म्हणजे भुकेपुरतं… आवाजाला काय झालंय माझ्या? काही नाही… हो, हो… अगं ऐक ना. एक विचारायचं होतं. सहज हं. आपलं मीठ कुठल्या डब्यात असतं?"

"नाही, तीन डबे आहेत ना. तिन्हींत पांढरंच… चाखून बघितलं असतं गं, पण काय आहे ते न कळता चाखायचं कसं?… लाल झाकणात भांडी घासायचा सोडा? बघ! बरं झालं विचारलं… निळ्यात मीठ. निळ्यातलंच घेतलंय मी… जाडं मीठ खाली, कोपऱ्यात. बरं."

"कशाला म्हणजे? स्वयंपाकाला… हो, मी… हसतेस काय? माणूस शिकतो… भाजी… हिरवी… पातळ. बरीच पातळ… समोरच्या वहिनींचा डबा येतो गं, पण रोज रोज त्यांना किती त्रास… बरं, मला सांग, साठ लिटरला मीठ किती घालायचं?"

हे बोलून चष्मेवाल्यांनी जीभ चावली, पण तोवर शब्द पुढे निघून गेले होते.

"हॅलो?… हो, साठ म्हणालो… लिटर… नाही, पाहुणे नाहीत कोणी… लग्नही नाही कुणाचं… अगं, तू आधी बस बघू. बसलीयस?… निजलीयस? या वेळी?… बरं, मग तशीच रहा. शेठच्या अंगावर पांढरं आलंय."

सांगून टाकलं एकदाचं. गेले चार दिवस ही गोष्ट पोटात ठेवून त्यांना घास गोड लागत नव्हता. आयुष्यभर लोकांच्या नाकांवर चष्मे चढवणाऱ्या या माणसाला पहिल्या दिवशी वाटलं, आपल्याच चष्म्यावर धूळ बसलीय. चष्मा पुसला. मग टाकीची काच पुसली. दुसऱ्या दिवशी दुकानातलं भिंग आणून पाहिलं, तर शेपटीवर, परांवर, पाठीवर बारीक पांढरे कण, कुणी वरून मीठ भुरभुरवल्यासारखे. आणि शेठ मधूनच वेडीवाकडी उसळी मारून तळाच्या दगडाला अंग घासत होता.

शेवटी त्यांनी गोल फ्रेमवाल्याला विचारलं. चष्मेवाले माणसांना फ्रेमवरून ओळखत, नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. गोल फ्रेमवाल्याकडे मासे होते. "परजीवी असणार, मीठ घाला," एवढं सांगून तो बस पकडायला पळाला. आधीच मिठात लोळून आल्यासारखा दिसणारा मासा, त्याला वर आणखी मीठ? चष्मेवाल्यांच्या डोक्यात काही प्रकाश पडेना. पण जाताना बायकोने गाडीत बसल्यावरही खिडकीतून मान बाहेर काढून एकच बजावलं होतं, तुम्ही येऊ नका, शेठला सांभाळा. शेठला काही झालं तर तिला काय तोंड दाखवणार, या धास्तीने ते मिठाकडे वळले होते.

"चार दिवस झाले… सांगितलं नाही, कारण तुझं ब्लडप्रेशर… अगं ओरडू नकोस… ओरडत नाहीयेस? खरंच की… कापसासारखं नाही, कणच… हो, घासतो दगडाला… कल्ले जोरात हलतायत… बरं, बरं, ऐकतोय."

"भुरभुरवलं. वरून… चिमटीने, जेवणाच्या टेबलावरच्या वाटीतलं… चवीपुरतं… मला काय माहीत विरघळवून घालतात ते?… अंगावर खडा पडला तर भाजतं? मिठाने?… मग हे औषध आहे की शिक्षा?… बरं. मगात पाणी घ्यायचं, त्यात मीठ, चांगलं ढवळायचं, मग थोडं थोडं, दिवसभरात… आणि सगळ्या टाकीत? का? रोग शेठला झालाय, टाकीला नाही… मी तर त्याला बादलीत काढणार होतो… नको? बरं, सांग."

चष्मेवाल्यांनी रिसीव्हर उजव्या कानाला नेण्याचा प्रयत्न केला, मूठ आडवी आली, आणि चार कण कॉलरमध्ये गेले.

"हं… हं… थांब, मला एकदा म्हणू दे. तो किडा अंगात शिरून बसतो. पांढरा ठिपका म्हणजे त्याचं घर. तिथे मीठ पोचत नाही… मग पोट भरलं की गळून तळाला पडतो. तिथे एकाचे शेकडो होतात… आणि ते शेकडो पोहत पोहत पुन्हा शेठला शोधत येतात. तेव्हा मीठ त्यांना धरतं… म्हणजे पाहुणा घरात बसलाय तोवर काही बोलायचं नाही, बाहेर पडला की मग अंगणात गाठायचा… तसंच ना?… बघ, कळलं मला."

"नाही, पुन्हा गोंधळ झाला. ठिपके गेले म्हणजे तो बरा नाही झाला?… ते नुसते बाहेर पडले… म्हणजे बरा दिसला की जास्त सांभाळायचं! आणि मीठ चालूच ठेवायचं… दीडेक आठवडा… पाणी जरासं उबदार, बुडबुडे जास्त… अगं, हे सगळं तुला पाठ कसं?"

आता चष्मेवाल्यांना खरोखर नवल वाटू लागलं. एरवी शेठने दोन दाणे टाकून दिले तरी दुकानात तीनदा खाली येऊन सांगणारी ही बाई. आज ना ओरडली, ना रडली, उलट डॉक्टरीणबाईंसारखी प्रश्न विचारत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण नेमकं कुठे ते त्यांना कळेना.

"अजून एक आहे. तो आज सारखा वर येतोय. तोंड बाहेर काढून… हो, हवा गिळल्यासारखा… काय? चाखू? टाकीचं पाणी?… अगं, त्यात तो राहतो… बरं, बरं. घोट नाही, बोटाचं टोक. थांब."

फोनची वायर टाकीच्या दोन हात अलीकडेच संपे. त्यांनी रिसीव्हर खुर्चीवर ठेवला, टाकीत बोट बुडवलं, डोळे मिटून जिभेला लावलं आणि पळत परत आले.

"हॅलो… थू… खारट! अगं, तोंड वाकडं झालं!… थांब. थांब थांब… बोट उजव्या हाताचं होतं… मूठ मिठाची ना ती… हो, फोन आल्यापासून तशीच आहे. ठेवायचं राहिलं!… बरं, हात धुऊन येतो."

"हां. आता डाव्या हाताचं… तरी खारट. मघाएवढं नाही. पण डोळ्यातलं पाणी ओठावर उतरलं की लागतं ना, तेवढं… नाही, मी एवढं नाही घातलं. काल चिमूटभर, आज चिमूटभर. मूठ तर आत्ता मोरीत गेली… मग साठ लिटर पाणी खारट करण्याएवढं मीठ आलं कुठून?… हॅलो?… अगं, बोल ना."

"तू?… कधी?… निघायच्या आदल्या दिवशी?… म्हणजे ठिपके तेव्हाच होते!… दोन. शेपटीवर… आणि मला नाही सांगितलंस… मला काळजी नको म्हणून. वा! आणि मी चार दिवस गप्प, तुला काळजी नको म्हणून. दोघं मिळून शेठचं लोणचं घालतोय आपण!"

"पण तू तर मापाने घातलं असणार… हो ना, विरघळवून, बेतानेच. मग तेवढ्याने नाही होणार हे… अजून कोण?… कोण? समोरच्या वहिनी?… त्यांच्याकडे किल्ली आहे आपली?… मी दुकानात गेलो की येतात… रोज?"

चष्मेवाले उभ्याउभ्या टाकीकडे बघत राहिले. सकाळी कोरडं असलेलं पायपुसणं दुपारी ओलं असे. टाकीजवळच्या मगाचा कान एका बाजूला ठेवून गेलं तर परत येईतो दुसऱ्या बाजूला. रात्री उतरलेलं टाकीचं पाणी दुपारी काठोकाठ. आपल्याला म्हातारचळ लागला असं समजून त्यांनी परवा शाळेतल्या सगळ्या गुरुजींची नावं क्रमाने आठवून पाहिली होती, आणि दोन आठवेनात तेव्हा फारच घाबरले होते.

"मला वाटलं, माझं डोकं चाललं कामातून!… त्या काय करतात येऊन?… कमी झालेलं पाणी भरतात. बरोबर आहे. साधं पाणी भरायला सांगितलंस ना?… सांगितलंस. मग?… काल काय म्हणाल्या? जाडं मीठ संपत आलंय?… संपत कसं येईल, साधं पाणी भरत असतील तर?… अगं! त्या रोज मिठाचं पाणी भरतायत! पाणी उडून जातं, मीठ थोडंच उडतं? ते तिथेच, आणि वर रोज नवं… नाही, त्यांच्यावर नाही रागावत. दोन आठवडे डबा त्यांचा खातोय, त्यांच्या मिठाला जागायला नको?… पण आता काय करू? तो बघ, परत वर आला."

"सगळं पाणी नको बदलू?… हो, एकदम गोडं पाणी झेपायचं नाही त्याला… तिसरा हिस्सा आता, तिसरा संध्याकाळी. बरं… शिळं पाणी आहे, बादलीत. तू सांगितलंस तसं रोज भरून ठेवतो… फोन ठेवू?… नको? बरं, धरून रहा."

रिसीव्हर पुन्हा खुर्चीवर गेला. चष्मेवाल्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मगाने पाणी उपसायला लागले. शेठ कोपऱ्यात काचेला टेकून तोंड वर करून होता. त्याच्याकडे बघत चष्मेवाले आणखी भराभर मग चालवू लागले. त्यांना या माशाचं आजवर काडीचं कौतुक नव्हतं, पण तो तिचा होता आणि तिने विश्वासाने सोपवला होता.

"काढतोय!… अगं, काढतोय म्हटलं!… झालं, आता घालतोय!… हळूच घालतोय!… कडेने!… त्याच्या डोक्यावर नाही ओतत गं!… शेठ, सरका जरा!… तुला नाही, शेठला!"

फरशीवर तळं झालं, एक सपात त्यात तरंगायला लागली, पण पाणी भरलं गेलं. बुडबुड्यांच्या पंपाचं बटण त्यांनी जाईल तेवढं वर फिरवलं आणि ओल्या हातांनी रिसीव्हर उचलला.

"हॅलो. आहेस ना?… झालं… नाही, अजून वरच आहे… हो, एवढ्यात नाही कळणार. बसतो आता इथेच."

बुडबुड्यांचा आवाज येत राहिला. चष्मेवाल्यांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला. तो डोळ्यांवर चढवताना त्यांना जे दिसलं ते टाकीत नव्हतं.

"अगं… एक विचारू?… त्याला खायलाही वहिनीच घालतात?… म्हणजे मी घालतो ते दुसऱ्यांदा. म्हणून कमी खातो तो!… पण मग मला इथे कशाला ठेवलंस?… नाही, ऐक. शेठला सांभाळा म्हणालीस. शेठला सांभाळायला माणूस होतं. मला यायचं होतं तुझ्याबरोबर. बॅग भरली होती मी. तू रिकामी करायला लावलीस… हॅलो?… श्वास ऐकू येतोय मला तुझा. बोल."

"काय?… चष्मा?… नवा चष्मा पाठवू? त्याला काय झालं?… तुटला. कसा?… असाच. चष्मेवाल्याची बायको तू, आणि असाच तुटला म्हणून मला सांगतेस? काच गेली की दांडी?… दोन्ही… कुठल्या बाजूची?… डावी. दांडीही डावीच… हातातून पडला तर काच तडकते गं, दांडी जात नाही. दांडी मोडते ती चष्मा डोळ्यांवर असताना… तू पडलीस."

असे चष्मे त्यांच्या काउंटरवर नेहमी येत. आणणारा म्हणे, पिशवीत दाबला गेला, आणि चष्मेवाले फ्रेमकडे एकदा बघून विचारत, फार लागलं का हो? आत्ता ते विचारायला त्यांची जीभ उचलेना. ते खुर्चीवर बसले. त्यांना सरळसरळ भीती वाटत होती.

"कधी?… ऑपरेशननंतर चारच दिवसांनी… बाथरूममध्ये… आणि गुडघा?… टाके सुटले… पुन्हा नेलं होतं आत? पुन्हा भूल दिली?… आणि रोज मला छान म्हणत होतीस. मीही शहाणा, छानच की म्हणत होतो… ताप अजून आहे?… म्हणून या वेळी निजलीयस… लेक काय करत होती? तिने मला का नाही… तू तिला शपथ घातलीस."

"नाही, रागावलो नाही… रागावलोय. हो, रागावलोय! चार पावलं चालता येत नाही आणि तिथून मला माशाची कामं लावतेस!… मी घाबरलो असतो? असतो की. नवरा आहे, घाबरलो असतो तर काय बिघडलं असतं?… रडू नकोस. अगं, रडू नकोस म्हटलं ना… मी नाही रडत. टाकीचं पाणी उडालंय तोंडावर."

टाकीचं नव्हतं. तसंच खारट मात्र होतं.

"एकच सांग. खरं सांग. दुखतं का?… …हं… …हं. बरं झालं सांगितलंस."

"मी येतोय… आजच, संध्याकाळच्या गाडीने… शेठला कोण बघणार? वहिनी बघतील! इतके दिवस चोरून बघत होत्या, आता उजळ माथ्याने बघतील… सांगतो त्यांना, साधं पाणी म्हणजे साधं पाणी. संध्याकाळचं बदलून देऊनच निघतो… आणि हे बघ, आजपासून लपवाछपवी बंद. ठिपका दिसला की सांगायचं. दोनच असले तरी… शेपटीवर असले तरी… हो, मीही. मीही सांगेन."

"थांब, थांब!… खाली गेला!… शेठ! खाली गेला, दगडाजवळ… नाही, तोंडाची उघडमीट चालूच आहे, पण पाण्याच्या आत… ठिपके आहेत गं, एवढ्यात कुठे जाणार? पण वर येत नाहीये… नाही आला अजून… तूच सांगितलंस ना, बरा दिसला की जास्त सांभाळायचं. तुलाही तेच लागू आहे."

"बरं, काय आणू?… चष्मा आणतोच आहे… नंबर? तुझा नंबर मला विचारतेस?… जुना कागद कुठला शोधतेस आता! अगं, मिठाचा डबा मला ठाऊक नसेल, पण तुझा नंबर… उजवा वजा सव्वादोन, डावा अडीच. वाचायच्या काचा त्यातच बसवतो… फ्रेम तीच, तपकिरी. नाकावरच्या पट्ट्या तेवढ्या मऊ घालतो, टोचायच्या ना तुला… नाही, तू कधीच नाही म्हणालीस. दिसत होतं मला."

"आता ठेव… तू ठेव… रोज तूच ठेवतेस, मग आज काय झालं?… बरं, मी ठेवतो. तुझ्या चष्म्याची काच घासायचीय… हो… हो गं. येतोच."

चष्मेवाल्यांनी रिसीव्हर ठेवला, दुकानाची किल्ली घेतली आणि जिना उतरायला लागले. निम्म्या जिन्यावर त्यांना वहिनी आठवल्या. ते परत वर आले आणि कोपऱ्यातला जाड्या मिठाचा डबा उचलून त्यांनी प्रवासाच्या पिशवीत टाकला.